निष्कर्ष पाठ करायचे की प्रयोग करायचा?

वर्तनात्मक अर्थशास्त्र, म्हणजे माणसे प्रत्यक्षात आर्थिक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास, विद्यापीठात शिकवावे का, हा वाद गेली काही वर्षे दोन ठरावीक सुरांत चालला आहे. एक बाजू म्हणते, माणूस हिशेबी प्राणी नाही हे आता सिद्ध झाले. तेव्हा जुनी पाठ्यपुस्तके बासनात बांधा आणि त्या जागी पूर्वग्रह, तोट्याची धास्ती, 'नज' (सक्ती न करता माणसाला हव्या त्या निवडीकडे हलकेच वळवणे) वगैरेंचा अभ्यासक्रम आणा. दुसरी बाजू म्हणते, हे सगळे विमानतळावर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांतले ज्ञान. यातले बरेचसे प्रयोग पुन्हा करायला गेले की कोसळतात, आणि जे उरतात ते कोणत्याही मुरलेल्या विक्रेत्याला आधीपासून ठाऊक असतात. दोघेही तावातावाने बोलतात, पण भांडण एकाच गोष्टीवर: या शाखेचे निष्कर्ष खरे की खोटे? अभ्यासक्रम ठरवताना हा प्रश्न दुय्यम आहे, असे माझे म्हणणे. या शाखेने विद्यापीठांना दिलेली मोलाची गोष्ट म्हणजे एक शिस्त. माणसांवर प्रयोग कसा रचावा, तो कुठे फसतो, दुसऱ्याने केलेला प्रयोग कसा तपासावा, याची शिस्त. ती शिकवणार असाल तर हा विषय पदवीच्या गाभ्यात हवा. शेवटच्या सत्रात ऐच्छिक म्हणून ढकललेला नको. ती शिकवणार नसाल, तर विरोधकांचे ऐकावे आणि ते तास सरळ दुसऱ्या विषयाला देऊन टाकावेत.

आधी विरोधकांच्या पदरात जे घालायला हवे ते हात आखडता न घेता घालू. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज झटकता न येणारा, परिणाम होता. पुनर्प्रयोगांत तो ३६ टक्क्यांतच दिसला. आमच्याकडे पैसे लावून प्रयोग होतात, आमचे तसे होणार नाही, असे म्हणायची सोय अर्थशास्त्रज्ञांना फार दिवस राहिली नाही. पुढच्याच वर्षी कॉलिन कॅमेरर आणि सहकाऱ्यांनी अर्थशास्त्राच्या दोन अग्रगण्य नियतकालिकांत २०११ ते २०१४ या काळात आलेले १८ प्रयोग पुन्हा केले. त्यांतले ११ टिकले, आणि परिणामाचा आकार सरासरीने मूळच्या दोन-तृतीयांश भरला. 'नज'ची गोष्ट तर याहून बोचरी. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतील दोन मोठ्या 'नज युनिट्स'च्या, म्हणजे सरकारी कामांसाठी असे उपाय तपासणाऱ्या गटांच्या, १२६ चाचण्यांचा हिशेब मांडला. सुमारे २.३ कोटी लोकांवरच्या या चाचण्यांत सरासरी परिणाम, म्हणजे हवे तसे वागणाऱ्यांच्या प्रमाणातली वाढ, निघाला १.४ टक्केबिंदू. विद्यापीठीय नियतकालिकांत छापून आलेल्या तशाच चाचण्यांत तो होता ८.७. हा फरक कुठून आला? त्याचा मोठा वाटा असा, की लहान नमुन्यावरच्या चाचणीत योगायोगाने मोठा आकडा निघाला की ती छापली जाते, आणि काहीच निघाले नाही की कपाटात पडून राहते.

आणि मग तो २०१२ चा निबंध. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी वरच सही घेतली तर लोक खरी माहिती भरतात, असा त्याचा दावा. किती सोयीचा निष्कर्ष! फुकट, सभ्य आणि अर्ध्या मिनिटात सांगून होणारा. सरकारी कार्यालयांपासून विमा कंपन्यांपर्यंत सगळ्यांना तो आवडला आणि वर्गावर्गांतून शिकवला गेला. २०२० मध्ये मूळ लेखकांनीच मोठ्या नमुन्यावर प्रयोग केला, तेव्हा परिणाम सापडला नाही. प्रामाणिकपणावरचा तो मूळ निबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला, तो त्यातला डेटा बनावट असल्याचे दिसून आल्यावर. यावर विरोधक हसले तर त्यांना दोष कसा देणार?

पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतो. हे सगळे उघडकीस आणले कोणी? अर्थशास्त्राच्या शुद्ध सैद्धांतिक अंगणातून कोणी उठून आले आणि त्याने ही फसगत पकडली, असे घडलेले नाही. मानसशास्त्रातले पुनर्प्रयोग मानसशास्त्रज्ञांनी केले, अर्थशास्त्रातले प्रायोगिक अर्थशास्त्रज्ञांनी. २०१२ च्या निबंधाचा मूळ डेटा २०२० च्या निबंधासोबत खुला झाला, म्हणूनच इतरांना तो उघडून पाहता आला. त्यांना काय दिसले, तर प्रयोगातल्या विमा ग्राहकांच्या गाड्या किती मैल चालल्या याचे आकडे शून्य ते पन्नास हजार यांच्यामध्ये अगदी समसमान पसरलेले. खऱ्या गाड्या अशा चालत नाहीत; बहुतेकांचे आकडे मधे कुठेतरी गर्दी करतात आणि टोकांना विरळ होतात. शिवाय एकाच तक्त्यात दोन वेगवेगळे फॉन्ट. हे दिसायला नोबेल लागत नाही. लागते ती आलेख काढून पाहण्याची सवय आणि 'हा आकडा आला कसा?' असे विचारण्याची खोड. आता दोन विद्यार्थिनींची कल्पना करा. एकीने 'सही वर घेतली की लोक खरे बोलतात' हे वाक्य परीक्षेसाठी पाठ केले. दुसरीला त्याच प्रयोगाचा डेटा देऊन सांगितले गेले, की यात काय खटकते ते शोध. पहिलीचे ज्ञान २०२१ मध्ये एका दिवसात रद्दी झाले. दुसरीचे त्याच दिवशी कामी आले. मग या घोटाळ्यांतून विषय बंद करण्याचा निष्कर्ष निघतो, की शिकवण्याची पद्धत उलटी करण्याचा?

निष्कर्ष तेवढा उचलायचा आणि पद्धत टाकून द्यायची, याची किंमत विज्ञानाने पूर्वीही मोजली आहे. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावरचे वैद्य जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेले १२ खलाशी घेतले, दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. हे बहुतेकांना माहीत असते. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडले, हेही अनेकांनी वाचलेले असते. त्यापुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. 'आंबट रसाने स्कर्व्ही बरी होते' एवढे सूत्र हाती राहिले. कोणता रस, किती ताजा, कसा साठवलेला, हे पुन्हा पुन्हा तपासण्याची तसदी कोणी घेतली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य प्रदेशातल्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली हिरवी लिंबे आली. आंबटपणा होताच, पण गुण फार कमी होता. वाफेच्या जहाजांनी प्रवास लहान केल्यामुळे हे बरीच वर्षे झाकलेले राहिले. मग १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्स यांच्या मोहिमेत रस सोबत असूनही स्कर्व्हीने माणसे आडवी केली, आणि वैद्यांचा लिंबावरचाच विश्वास उडाला. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट पुन्हा न कळलेली झाली. वर्तनात्मक अर्थशास्त्राचे निष्कर्ष यादी करून शिकवणारे आणि त्यातले काही खोटे ठरले म्हणून सगळेच फेकायला निघालेले, हे दोघे मला त्या काळातल्या वैद्यकाच्या दोन अवस्थांसारखे वाटतात.

अर्थशास्त्राचे प्रयोगाशी वाकडे जुनेच आहे. समाजशास्त्रांत प्रयोग शक्य नाही, कारण परिस्थिती आपल्या हातात नसते, असे जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८३० च्या दशकातच मांडले होते. पॉल सॅम्युएल्सन आणि विल्यम नॉर्डहाउस यांच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाच्या १९८५ च्या आवृत्तीतही अर्थशास्त्रज्ञांना खगोलशास्त्रज्ञांसारखे बहुतांशी निरीक्षणावरच समाधान मानावे लागते, असा आशय होता. गंमत अशी, की तोपर्यंत प्रयोग सुरू होऊन जवळपास चाळीस वर्षे झाली होती. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डच्या वर्गात विद्यार्थ्यांनाच विक्रेते आणि ग्राहक बनवले, प्रत्येकाच्या हाती त्याची किंमत (विक्रेत्याला किमान, ग्राहकाला कमाल) लिहिलेले कार्ड दिले, आणि वर्गभर फिरून सौदे करायला सांगितले. सौदे पाठ्यपुस्तकातल्या समतोलापाशी, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतात त्या किमतीपाशी, पोहोचलेच नाहीत. हा निकाल त्यांनी १९४८ मध्ये छापला. त्यांच्या अशाच एका प्रयोगात व्हर्नन स्मिथ नावाचा विद्यार्थी होता, आणि त्याला तो वर्गातला खेळ फारसा पटला नव्हता. पुढे पर्ड्यू विद्यापीठात शिकवताना, १९५६ मध्ये, स्मिथ यांनी तोच खेळ दोन बदल करून मांडला. घेणाऱ्याने बोली आणि विकणाऱ्याने मागितलेली किंमत सगळ्यांना ऐकू जाईल अशी जाहीर करायची, आणि तोच बाजार ओळीने अनेक फेऱ्या चालवायचा. किमती समतोलाकडे सरकू लागल्या. माणसे तशीच विद्यार्थीदशेतली, कार्डेही तशीच, बदलले ते नियम.

हा प्रयोग मला या साऱ्या विषयाचा कणा वाटतो, आणि वर्तनात्मक अर्थशास्त्राच्या लोकप्रिय अभ्यासक्रमांत तो बहुधा नसतोच. का नसतो? कारण तो 'माणूस वेडगळ असतो' या गोष्टीत बसत नाही. स्मिथ यांच्या बाजारात कोणालाही इतरांच्या कार्डांवरच्या किमती माहीत नव्हत्या, समतोल म्हणजे काय याचा विचार कोणी करत नव्हते, आणि तरी बाजार तिथे पोहोचत होता. उलट मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला प्रॉस्पेक्ट सिद्धांत सांगतो, की एकेकटा माणूस जोखमीच्या निवडी ठरावीक दिशेने चुकत करतो. २००२ चे नोबेल कानेमान आणि स्मिथ यांना विभागून मिळाले, तेव्हा अनेकांना ही जोडी विचित्र वाटली. एक म्हणतो माणसाचा निर्णय डळमळीत, दुसरा म्हणतो अशाच माणसांचा बाजार शहाणा. दोघांत समान काय, तर प्रयोग. आणि दोघांना एकत्र शिकवले तरच विद्यार्थ्यासमोर खरा प्रश्न उभा राहतो: कोणत्या नियमांखाली माणसांच्या चुका एकमेकींना खोडतात आणि कोणत्या नियमांखाली त्या साचत जातात? 'माणूस तर्कशुद्ध आहे का?' या प्रश्नावर वक्तृत्व स्पर्धा होऊ शकते, संशोधन होणे अवघड.

चहा-कॉफीच्या मगांचा प्रयोग घ्या. कानेमान, नेट्श आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना मग भेट दिले आणि विचारले, केवढ्याला विकाल? उरलेल्यांना विचारले, केवढ्याला घ्याल? विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. वस्तू आपली झाली की तिचे मोल वाढते, असा निष्कर्ष निघाला आणि 'एन्डाउमेंट इफेक्ट' हे नाव पक्के झाले. नव्वद टक्के वर्गांत गोष्ट इथेच संपत असावी, असा माझा अंदाज आहे. निदान पाठ्यपुस्तकांच्या चौकटींत तरी ती इथेच संपते. पण २००३ मध्ये जॉन लिस्ट यांनी संग्रहासाठी विकल्या जाणाऱ्या खेळाडूंच्या कार्डांच्या बाजारात जाऊन पाहिले, तर नवख्यांमध्ये हा परिणाम होता आणि रोजची देवाणघेवाण करणाऱ्या अनुभवी व्यापाऱ्यांमध्ये तो जवळजवळ नव्हता. २००५ मध्ये चार्ल्स प्लॉट आणि कॅथरिन झायलर यांनी वेगळीच शंका काढली. किंमत सांगण्याची पद्धत सहभागींना नीट समजली होती का? त्यांनी सूचना सविस्तर दिल्या, सराव फेऱ्या घेतल्या, उत्तरे गुप्त ठेवली. मगांच्या बाबतीत विकणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या किमतींतली ती दरी दिसेनाशी झाली. संपला वाद? नाही. २०११ मध्ये इसोनी, लूम्स आणि सगडेन यांनी तीच पद्धत वापरून दाखवले, की मगांत दरी दिसत नसली तरी सोडतीच्या तिकिटांत ती कायम आहे. आता यातले 'खरे' काय शिकवायचे? चारही निबंध एकापाठोपाठ एक वाचायला दिले, तर विद्यार्थ्याला कळते की सूचनांमधल्या दोन वाक्यांनी निकाल फिरू शकतो. हे एकदा कळलेला माणूस पुढे कोणत्याही सर्वेक्षणाचा आकडा वाचताना आधी प्रश्न कसा विचारला होता ते पाहील.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेच्या कृत्रिमतेचा. विद्यापीठातली वीस वर्षांची मुले, हातात किरकोळ रक्कम, वर देखरेख करणारे प्राध्यापक. यावरून जगाबद्दल काय बोलणार? आक्षेप वजनदार आहे. अल्टिमेटम गेम १९८२ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा खेळवला गेला. एकाने रकमेची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती स्वीकारायची किंवा नाकारायची. नाकारली तर दोघांनाही शून्य. सुचवणारे बऱ्यापैकी मोठा वाटा देऊ करतात आणि क्षुल्लक वाटा नाकारला जातो, हे देशोदेशीच्या विद्यापीठांत दिसले आणि न्यायबुद्धी हा मनुष्यस्वभाव ठरून मोकळा झाला. मग जोसेफ हेन्रिक यांच्या गटाने तो १५ छोट्या समाजांत नेला. पेरूमधल्या माचिगेंगांत सरासरी वाटा एक चतुर्थांशाच्या आसपास, आणि इतका कमी असूनही तो क्वचितच नाकारला गेला. इंडोनेशियातल्या लामालेराच्या देवमासे पकडणाऱ्यांत तो निम्म्याहून अधिक. रक्कम वाढवली तर? इंडोनेशियातच लिसा कॅमेरॉन यांनी सुमारे तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम लावली, तरी सुचवणाऱ्यांचे वागणे फारसे बदलले नाही. पण ईशान्य भारतात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्कम २० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंत नेली, तेव्हा सर्वांत मोठ्या रकमेला नकार देणारे जवळजवळ उरलेच नाहीत.

म्हणजे आक्षेप खरा ठरला. पण तो खरा ठरवला कशाने? आणखी प्रयोगांनीच. विद्यार्थ्यांवरून मानवजातीविषयी बोलू नका, हे निव्वळ बजावून सांगणे सोपे. नेमके कुठे, कशाने, किती फरक पडतो हे सांगायचे तर प्रयोग दुसरीकडे न्यावा लागतो. उलट कृत्रिमता हीच जिथे उपयोगाची असते, तीही ठिकाणे आहेत. ब्रिटनमध्ये शिकाऊ डॉक्टरांना रुग्णालये नेमून देण्याच्या पद्धती शहराशहरांत वेगळ्या होत्या. एडिंबराची टिकली, न्यूकॅसलची कोलमडली. फरक पद्धतीतला की शहरातला? प्रत्यक्ष जगात हे सुटे करता येत नाही. जॉन केगल आणि अल्विन रॉथ यांनी दोन्ही पद्धती प्रयोगशाळेत एकाच तऱ्हेच्या माणसांना दिल्या, आणि तिथेही न्यूकॅसलच्या पद्धतीत लोक प्रक्रिया टाळून आधीच परस्पर करार करत राहिले. १९९४ मध्ये अमेरिकेत स्पेक्ट्रमचे लिलाव सुरू होण्यापूर्वी त्यांचे नियम प्रयोगशाळेत तपासले गेले, तेही याच कारणासाठी. पूल बांधण्याआधी त्याची छोटी प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवतात, तेव्हा कोणी म्हणत नाही की खरी नदी कुठे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. तो असा, की ही विद्या शेवटी माणसांना नकळत वळवण्याची विद्या आहे. तिचे पदवीधर जातील ते आपले लक्ष आणि पैसा काढून घेणाऱ्या कंपन्यांकडे. आणि सरकारांकडे गेलेच, तर मोठे प्रश्न व्यक्तीच्या सवयींवर ढकलण्याचे काम करतील. निवृत्तिवेतनाची व्यवस्था मोडकळीला आली? लोकांना बचतीचा सौम्य धक्का द्या. हवामान बदलतेय? वीजबिलावर शेजाऱ्याचा वापर छापा. निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या शाखेतल्याच दोघांनी २०२२ मध्ये हीच टीका केली. व्यक्तीवर नजर लावून बसल्याने कायदे, कर, नियम यांवरचे लक्ष उडाले, आणि हे लक्ष उडणे ज्यांच्या हिताचे होते त्यांनी याला आनंदाने हातभार लावला. लोवेनस्टाइन हे या शाखेच्या उभारणीतले नाव; त्यामुळे ही टीका बाहेरच्याची म्हणून झटकता येत नाही.

तरीही, या विद्येचे दार विद्यापीठाने बंद केले म्हणून ती वापरात यायची थांबणार आहे का? मोठी संकेतस्थळे आपल्या वापरकर्त्यांवर अखंड चाचण्या घेतात. बटणाचा रंग, सूचनेची वेळ, किमतीची मांडणी, सगळ्यांच्या. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या पानांवर दिसणाऱ्या भावनिक मजकुराचे प्रमाण आठवडाभर बदलले आणि त्यांच्या स्वतःच्या लिखाणावर काय परिणाम होतो ते पाहिले. २०१४ मध्ये निबंध आला तेव्हा गदारोळ झाला. पण परिणाम अतिशय क्षीण होता हे किती टीकाकारांच्या लक्षात आले? आणि संमतीचा प्रश्न परिणामाच्या आकारावर अवलंबून नाही, हे किती समर्थकांच्या? दोन्ही बाजूंना हे कळायला प्रयोग म्हणजे काय हे आतून माहीत असावे लागते. विद्यापीठात माणसांवर प्रयोग करायचा तर नीतिसमितीकडे अर्ज करावा लागतो, संमतीपत्र लिहावे लागते, जोखीम मांडावी लागते. प्रायोगिक अर्थशास्त्रात त्यावर आणखी एक कडक संकेत आहे: सहभागींना फसवायचे नाही, आणि सांगितलेले पैसे खरोखर द्यायचे. मानसशास्त्रात अनेकदा चालणारी फसवणूक असलेले प्रयोग इथे नियतकालिके सहसा छापतही नाहीत. यामागे साधुत्व कमी आणि व्यवहार जास्त. आज फसवलेला सहभागी उद्या दुसऱ्याच्या प्रयोगात आला, की सूचनांवर विश्वास ठेवणार नाही. पण ज्याने विद्यार्थिदशेत स्वतः संमतीपत्र लिहिले आणि स्वतः पैसे मोजून दिले, त्याला पुढे नोकरीत संमतीशिवाय चाचणी घ्यायला सांगितले गेले तर काय चुकते आहे हे निदान ओळखता येईल. तो नकार देईलच असे नाही. एवढी हमी कोणताच अभ्यासक्रम देत नाही.

व्यक्तीवर बोट ठेवण्याच्या टीकेलाही प्रयोगांतूनच खतपाणी मिळते, हे विसरू नये. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांतल्या अभ्यासात काही ठिकाणी मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर वाढला. दंड काढून घेतला तरी तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांचा हा २००० सालचा निबंध 'नज' विकणाऱ्यांपेक्षा धोरण आखणाऱ्यांनी अधिक वाचायला हवा, कारण तो एका नियमाने नाते कसे बदलते ते दाखवतो आणि उलटा मार्ग सहज मिळत नाही हेही.

सिद्धांताचे तास खाल्ले जातील ही भीती मला सर्वांत कमी पटते, म्हणून थोडक्यात. सिद्धांत नसेल तर प्रयोगात काय स्थिर ठेवायचे आणि काय बदलायचे हेच ठरवता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ मोरिस अले यांनी १९५२ मध्ये पॅरिसमध्ये संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांना जोखमीच्या दोन निवडी विचारल्या. सॅव्हेज यांनी दिलेली उत्तरे तर्कशुद्ध निवडीविषयीच्या त्यांच्या स्वतःच्याच गृहीतकाचा भंग करणारी होती. ही जागा अले यांना सापडली, कारण ते गृहीतक त्यांनी कोळून प्यायलेले होते. सॅव्हेज यांनी नंतर आपली निवड चूक म्हणून दुरुस्त केली, गृहीतक नाही. आणि त्यावरही अजून वाद घालता येतो. माझे आवडते उदाहरण मात्र डेव्हिड ग्रेथर आणि चार्ल्स प्लॉट यांचे. माणसे दोन जुगारांपैकी एक निवडतात, आणि किंमत लावायला सांगितली की दुसऱ्याला जास्त लावतात, हा मानसशास्त्रज्ञांचा निष्कर्ष त्यांना खटकला. तो अर्थशास्त्राला लागू नाही हे दाखवायच्या उघड हेतूनेच त्यांनी प्रयोग रचला. असे का घडत असेल याची सगळी संभाव्य कारणे त्यांनी मांडली. त्यात प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ होते, हेही एक कारण गंभीरपणे नोंदवलेले आहे. एकेक कारण बाद करत गेल्यावर परिणाम जिथल्या तिथे उरला, आणि १९७९ मध्ये त्यांनी तो तसाच छापला. स्वतःच्या विरुद्ध गेलेला निकाल छापण्याची ही रीत विद्यार्थ्याने सिद्धांताच्या तासाला शिकायची की प्रयोगाच्या, यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. ती दोन्ही येत असल्याशिवाय जमत नाही.

मग अभ्यासक्रम कसा असावा? पहिले सत्र पुनर्प्रयोगाचे. नवी कल्पना कोणी काढायची नाही. छापून आलेला एक प्रयोग घ्यायचा, त्याच्या सूचना मिळवायच्या, नमुना किती मोठा लागेल याचे गणित करायचे, भाकीत आधी लिहून नोंदवायचे आणि मग चालवायचा. यातल्या नमुन्याच्या गणितावर बराच वेळ जावा, कारण वर सांगितलेल्या पडझडीचे एक मोठे मूळ तिथेच आहे आणि विद्यार्थ्यांना ते कंटाळवाणे वाटते. दुसऱ्या सत्रात स्वतःचा प्रयोग, पण गुण आराखड्याला, निकाल हाती येण्याआधी. 'काहीच सापडले नाही' असे लिहिणाऱ्याचे गुण कापले गेले, की त्याला काहीतरी सापडायला लागते. आणि छापून येण्याच्या लोभाने मोठमोठ्यांना जे सापडले, तेच त्यालाही सापडते. खर्चाची सबब फारशी टिकणारी नाही. असे प्रयोग संगणकावर चालवणारी ओट्रीसारखी सॉफ्टवेअर मोफत आहेत, आणि चेंबरलिन यांचे काम तर कागदी कार्डांवर भागले होते. खरी अडचण शिक्षकांची. पूर्वग्रहांची यादी शिकवायला आणि तपासायला सोपी. चाळीस फसलेले प्रयोग वाचून प्रत्येक का फसला हे सांगणे जिकिरीचे, आणि अनेक शिक्षकांनी स्वतः कधी प्रयोग चालवलेलाही नसतो. त्यांना आधी सहभागी म्हणून, मग प्रयोगकर्ते म्हणून तयार करावे लागेल, आणि त्याला वेळ लागेल.

परीक्षेबद्दल माझा आग्रह एकच. 'तोट्याची धास्ती म्हणजे काय, उदाहरणासह स्पष्ट करा' हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी एक खराखुरा निबंध द्यावा, त्याच्या सूचना आणि डेटासकट, आणि तीन तास द्यावेत. पहिला तास मोडतोड शोधायला, दुसरा तोच प्रश्न विचारणारा पण अधिक नीट प्रयोग रचायला, आणि तिसरा त्या नव्या प्रयोगाचा कोणता निकाल आला तर स्वतःचे मत बदलाल ते लिहून द्यायला. अशा परीक्षेत 'एन्डाउमेंट इफेक्ट'ची व्याख्या न येणारा विद्यार्थीही पहिल्या वर्गात येऊ शकेल, आणि त्याला माझी हरकत नाही.